वहीत काळं पान नाही

हिशेब लिहिणारा माणूस ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता असते. तुम्ही घरखर्च वहीत टिपून ठेवता ही बातमी एकदा गल्लीत फुटली, की संपलं. आधी सोसायटीचे खजिनदार, मग गणेश मंडळाचे, मग लांबच्या पुतण्याच्या लग्नात आहेर लिहून घ्यायला कोपऱ्यात बसवलेले काका, अशी तुमची बढती होत जाते. त्यात तुम्ही बँकेतून निवृत्त झालेले असलात, तर लोक विचारतही नाहीत. थेट वहीच आणून देतात.

माझी बढती २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत पोचली. ऐन दिवाळीच्या तोंडावर, घरातले अनारसे तेलात का विरघळले या विषयावर मी सावध मौन पाळून बसलो असताना दारात दोन कार्यकर्ते उभे राहिले. गळ्यात उपरणी, हातात मिठाईचा बॉक्स.

"काका, भाऊंनी तुमची आठवण काढलीय."

भाऊ म्हणजे आमच्या मतदारसंघातले उमेदवार. त्यांचा पक्ष सांगत नाही. सांगून उपयोगही नाही; हा लेख छापून येईपर्यंत तो तोच असेल याची खात्री खुद्द भाऊही देणार नाहीत.

"माझी आठवण? कशाबद्दल?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे."

अक्षरावर राजकारणात पद मिळवणारा मी महाराष्ट्रातला पहिलाच माणूस असेन. पदाचं नाव खर्च प्रतिनिधी.

"भाऊ जो खर्च करतील तो लिहायचा, बस."

"सगळा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे... लिहिण्यासारखा असेल तो."

बॉक्स ठेवून ते गेले. तो खर्चाच्या कुठल्या सदरात घालायचा याचा विचार करेपर्यंत त्यातली बर्फी संपली.

दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयातून वही मिळाली. वहीत तीन रंगांची पानं. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रकमेचा हिशेब, पिवळ्या पानांवर बँकेचा. निवडणुकीपुरतं वेगळं खातं उघडायचं, तेही उमेदवारी अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी. सगळा खर्च त्यातून. एका माणसाला किंवा एका दुकानाला सबंध निवडणुकीत मिळून १० हजारांहून जास्त रोख द्यायची नाही. उभा जन्म जमा-नावे करण्यात गेलेल्या मला ती वही पाहून भरून आलं. मी ती बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आपल्या घरच्या वहीत गुलाबी पान नव्हतं म्हणून शिल्लक पडत नव्हती का?"

भाऊंच्या प्रचार कार्यालयात वही बघायला गर्दी झाली. एका पोरसवदा कार्यकर्त्याने ती पुढून-मागून चाळली आणि अगदी निरागसपणे विचारलं,

"काका, तीनच रंग?"

"तीनच."

"मग बाकीचं कुठं लिहायचं?"

पोराला लगेच कुणीतरी चहा सांगायला पिटाळलं. निवडणूक खर्चाच्या सुधारणेसाठी या देशात इतक्या समित्या बसल्या, त्यांच्या अहवालांचा सारांश तो बिचारा चहा सांगायला जाता जाता देऊन गेला. वहीत काळं पान नाही.

आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. २००९ च्या निवडणुकीत ती १० लाख होती, २०१४ आणि २०१९ ला २८ लाख, २०२२ पासून ४०. गोव्यासारख्या लहान राज्यात २८ लाख. मी पहिल्याच संध्याकाळी भागाकार मांडला. राज्यात मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख, मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजारांच्या आसपास मतदार. ४० लाख भागिले तेवढे.

"भाऊ, मतदारामागे १२ रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत," मी सांगितलं.

कार्यालयात सन्नाटा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "१२ रुपयांत वडा येईल, काका. पावाचं काय?"

हा प्रश्न गमतीचा वाटला, पण सरकारदरबारी तो फार गांभीर्याने घेतला जातो. वडापावचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे कलेक्टरसाहेब, ठरवतात. चहा, पोहे, मिसळ, शाकाहारी थाळी, मांसाहारी थाळी, खुर्ची, सतरंजी, मांडव, स्पीकर, हार, ढोल-ताशा, जीपगाडी, सगळ्याची दरसूची निघते. तुम्हाला चहा कुणी फुकट पाजला तरी वहीत तो सरकारी दरानेच पडतो. दर पक्के करण्याआधी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकतात. त्या बैठकीला भाऊंनी मला धाडलं.

बाजारात विकणारा भाव चढवतो आणि घेणारा पाडतो. इथे विकणारा कुणी नव्हताच. जे पक्ष रोज रात्री टीव्हीवर एकमेकांचे सात पिढ्यांचे हिशेब काढतात, ते त्या टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून वडापाव स्वस्त करत होते.

"साहेब, मिसळ ६० ला फार होते. आमच्याकडं ३० ला मिळते."

"कुठे मिळते? आम्हालाही सांगा," साहेब म्हणाले.

"मिळायची. आता बंद पडलं ते हॉटेल."

हारांचा विषय निघाला. एका प्रतिनिधीने सांगितलं, की त्यांच्या उमेदवाराला दिवसभर एकच हार पुढच्या चौकात नेऊन पुन्हा घालतात, सबब तो एकच धरावा. जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळतात, त्यातला जेसीबी वाहनांत धरायचा की हारांत, यावर बराच खल झाला. मांसाहारी थाळीचा दर वाचल्यावर मात्र बैठकीत एकदम पावित्र्य पसरलं. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, की आमच्या पक्षात सगळे माळकरी आहेत. त्या रात्री गावाबाहेरच्या ढाब्यावर त्या सगळ्या माळकऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या, एवढंच मी नोंदवतो. वहीत नव्हे, इथे.

दरसूची झाली, मग सुरू झाला खुर्च्यांचा अध्याय. आपण वही लिहितो तशी आपल्याविषयीही एक वही सरकारी कर्मचारी लिहीत असतात. तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. व्हिडिओ पथक सभेचं चित्रीकरण करतं, मग कार्यालयात बसून खुर्च्या मोजतं. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकांपुढे निदान तीनदा आपली वही त्यांच्या वहीला भिडवायची. पहिल्याच भेटीत आमच्या वहीत ३०० खुर्च्या निघाल्या, त्यांच्या वहीत ९००.

मी भाऊंच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो उजवा हात पुढे सरसावला.

"साहेब, बाकीच्या लोकांनी घरून आणल्या होत्या."

"सगळ्यांच्या घरी लाल खुर्च्या?"

"गावात लाल रंग फार चालतो, साहेब."

"आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकाच मांडववाल्याचं नाव?"

"त्याच्या मुलीच्या लग्नात परतीचा आहेर म्हणून वाटल्या होत्या."

साहेबांनी मान हलवली आणि नोटिशीचा कागद पुढे ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याआधी आलेल्या उमेदवाराच्या सभेला लोक दोन तास उभे होते असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

दिवाळी तोंडावर आल्याने फराळ हा एक नवाच पेच निर्माण झाला. दरसूचीत चिवडा नव्हता, चकली नव्हती, शंकरपाळी नव्हती. कार्यालयात तर डब्यांवर डबे येत होते. मी रीतसर मार्गदर्शन मागायला गेलो.

"फराळ केला कुणी?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"काही भाऊंच्या वहिनींनी, काही आमच्या हिने."

"वहिनींचा उमेदवाराच्या खर्चात धरा. तुमच्या घरचा म्हणजे वस्तुरूपाने देणगी. पावती फाडा."

अशा रीतीने माझी बायको राजकीय देणगीदार झाली. पावती घरी नेऊन दिली तेव्हा तिने ती चष्मा लावून वाचली. 'चकली, डबा एक.' म्हणाली, "डबा परत आला नाही तर तोही लिहा. स्टीलचा आहे."

हळूहळू कार्यालयात माझी दहशत बसली. भरारी पथकाला कुणी भीत नव्हतं. त्यांची गाडी लांबून ओळखू यायची. मी मात्र स्लीपर घालून कधीही उगवायचो. मला पाहिलं की बोलणं थांबायचं, पिशव्या टेबलाखाली सरकायच्या. "बिल आहे का?" हे तीन शब्द मी उच्चारले की चांगले धट्टेकट्टे कार्यकर्ते लघवीला जाऊन येतो म्हणायचे. शेवटी शेवटी तर संध्याकाळी महत्त्वाची मंडळी जमली की भाऊ मोठ्या प्रेमाने म्हणत, "काका, जरा मारुतीला जाऊन या. आपल्या यशासाठी." त्या काळात मी इतकं देवदर्शन केलं, की पुजाऱ्याला वाटलं घरात काहीतरी दुःख आहे.

मग स्टार प्रचारक आले. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० तारे नेमता येतात, नुसत्याच नोंदणी केलेल्या पक्षाला २०. ताऱ्याच्या येण्याजाण्याचा खर्च, हेलिकॉप्टरसकट, पक्षाचा. उमेदवाराच्या ४० लाखांत तो धरत नाहीत. मात्र उमेदवार त्याच्याशेजारी मंचावर बसला, किंवा ताऱ्याने त्याचं नाव घेतलं, की सभेच्या खर्चाचा वाटा उमेदवाराच्या अंगावर. हे वाचल्यावर मी रात्रभर हिशेब केला आणि सकाळी भाऊंना गाठलं.

"भाऊ, उद्या तुम्ही मंचावर बसू नका."

"सभा माझी आहे, काका!"

"म्हणूनच. तुम्ही लोकांत बसा. जमलं तर मागच्या रांगेत."

"आणि माझे फ्लेक्स?"

"उतरवायचे. साहेबांना सांगायचं, भाषणात तुमचं नाव घेऊ नका."

भाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून विरोधकांनी मला किती दिले असतील याचा त्यांच्या मनात अंदाज चालला होता. ते मंचावर बसलेच. साहेब आले, पाऊण तास बोलले, देशाचं बोलले, जगाचं बोलले आणि शेवटी हात उंचावून शेजारच्या मतदारसंघातल्या उमेदवाराला प्रचंड मतांनी विजयी करा म्हणाले. भाऊंचा चेहरा उतरला. कार्यकर्ते सुन्न झाले. सबंध मैदानात टाळ्या वाजवणारा मी एकटाच.

रात्री शेजारच्या मतदारसंघातून फोन आला. तोही माझ्यासारखाच कुठूनतरी निवृत्त झालेला असावा, आवाजावरून कळलं.

"तुमच्या सभेत आमच्या उमेदवाराचं नाव घेतलं म्हणे. आता खर्च निम्मा निम्मा करायचा का?"

"मंचावर तर आमचे होते."

"तेच म्हणतो. बसले तुमचे, नाव आमचं. नियमात बसवा बुवा काहीतरी."

आम्ही दोघांनी बराच वेळ नियम वाचले. पण ज्या हेलिकॉप्टरने उतरताना मैदानातली धूळ उडवून आमच्या खुर्च्या पालथ्या केल्या, त्याचा आमच्या दोघांच्याही वहीशी काही संबंध नव्हता. खाली सांडलेल्या चहाचा होता.

हे असं का, याची एक जुनी हकिगत आहे. १९७४ साली कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरा. निकाल ऑक्टोबरात आला आणि त्याच महिन्यात अध्यादेशही आला, की धरू नका. सरकारी कामाला वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पुढे २००३ साली ही पळवाट थोडी अरुंद केली, पण पक्षाने स्वतःच्या नावाने प्रचारावर किती उधळावं याला आजही मर्यादा नाही. उमेदवाराचा वडापाव मोजायचा आणि पक्षाचं हेलिकॉप्टर नुसतं बघायचं.

आणि खरं बोललं तर काय होतं? २०१३ साली गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात सांगून टाकलं, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला ८ कोटी खर्च आला. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली ती त्यांना. ज्यांनी काहीच सांगितलं नाही, त्यांना शांत झोप लागली. ही गोष्ट मी भाऊंना सांगितली. ते बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे बोलायचं नाही. बरोबर?"

आता इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की हे उमेदवार लोक मोठे बेरकी आणि आपण मतदार बिचारे गाईगुरं. तसं असतं तर माझं काम निम्म्याने कमी झालं असतं. भाऊंच्या कार्यालयात उमेदवारापेक्षा मतदारांची वर्दळ जास्त. क्रिकेट संघाला टी-शर्ट हवे होते, भजनी मंडळाला पखवाज हवा होता, सोसायट्यांना पेव्हर ब्लॉक हवे होते, महिला मंडळाला तुळजापूरची बस हवी होती आणि तीही एसी. आचारसंहिता लागलीय म्हटलं की म्हणायचे, "आत्ता नको, नुसता शब्द द्या." शब्दाला वहीत सदर नाही.

आमच्या कट्ट्यावरचे नाना तर राजकारणातल्या पैशाचे कट्टर शत्रू. रोज संध्याकाळी पाच वाजता ते लोकशाहीचं श्राद्ध घालतात. एक दिवस तेच नाना मला कार्यालयात दिसले.

"नाना, तुम्ही इथे?"

"काही नाही, कट्ट्यावर शेड टाकायची होती. ऊन लागतं रे, लोकशाहीवर बोलताना."

त्याच कट्ट्यावर एका संध्याकाळी नानांनी तोडगा काढला. "निवडणुकीचा खर्च सरकारनेच करावा! म्हणजे उमेदवाराला कुणापुढे हात पसरायला नको."

नानांचा तोडगा काही नवा नाही. १९९८ साली खासदार इंद्रजित गुप्ता यांच्या समितीने नेमका हाच विचार केला होता. सरकारने निवडणुकीला मदत करावी, पण रोख नको, वस्तुरूपाने द्यावी, असं समितीचं मत. म्हणजे ठरावीक पेट्रोल-डिझेल, छपाईचा कागद, टपालाची तिकिटं, टेलिफोन, लाउडस्पीकर. केंद्राने ६०० कोटींचा निधी घालावा आणि राज्यांनी मिळून तेवढाच. समितीने सुरुवातीला मदत मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच ठेवली, अपक्षांना वगळलं. पुढे कायदा आयोगाने २०१५ च्या अहवालात सगळाच खर्च सरकारने उचलणं सध्या परवडणारं नाही, असं सांगितलं आणि विषय फायलीत गेला.

मी हे भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे सरकार देणार? वरचे ४०?"

"वरचे नाहीत, भाऊ. त्याऐवजी."

"कशाऐवजी?"

"तुमचे तुम्ही जमवता त्याऐवजी."

"मग माझा काय फायदा?" भाऊंनी विचारलं. पुढे जरा थांबून म्हणाले, "टपालाची तिकिटं कुठं चिकटवायची, काका? मतदाराच्या कपाळावर?"

अमेरिकेतल्या मेन राज्यात मात्र हे खरंच चालतं. तिथल्या लोकांनी १९९६ साली मतदान करून तसा कायदाच केला आणि २००० सालच्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला. उमेदवाराने आधी मतदारांकडून पाच-पाच डॉलर गोळा करायचे, म्हणजे याच्या पाठीशी खरंच माणसं आहेत हे सिद्ध होतं. ठरलेली संख्या भरली की प्रचाराचा पैसा राज्य देतं. मग धनदांडग्यांच्या देणग्या घ्यायच्या नाहीत. मी कट्ट्यावर हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. नाना कानावर हात ठेवून पुढे झुकले.

"परत सांग. पाच डॉलर कोण कुणाला देतो?"

"मतदार. उमेदवाराला."

"उलटं वाचलं असशील तू."

त्यांना ते पटेना. मी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं. शेवटी नाना म्हणाले, "म्हणून तो देश मागे पडत चाललाय."

गंमत म्हणजे थोडाफार सरकारी खर्च आपल्याकडेही आहेच. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार याद्या फुकट मिळतात. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर पक्षांना फुकट वेळ मिळतो. ती भाषणं ऐकणारा माणूस मला अजून भेटायचाय. पक्षांच्या उत्पन्नाला आयकर माफ आहे. थोडक्यात, आपण उमेदवारांना देतोच. फक्त पावती मिळत नाही.

पावतीवरून आठवलं. निवडणूक रोखे नावाचा प्रकार २०१८ मध्ये आला. १ हजार ते १ कोटी रुपयांपर्यंतचा रोखा स्टेट बँकेतून विकत घ्यायचा, पक्षाला द्यायचा, कुणी कुणाला दिला हे जनतेला कळणार नाही. साध्या बचत खात्यात नातवाचे ५०० रुपये भरताना ज्यांना तीन ठिकाणी सह्या कराव्या लागतात, त्यांना हे ऐकून चक्कर आली. १६ हजार कोटींहून जास्त रक्कम अशी गेल्यावर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तपशील द्यायला बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्चला सांगितलं, उद्या द्या. आणि १२ मार्चला तपशील दिलाही. आयुष्यभर काउंटरच्या आतून लोकांना 'उद्या या' सांगत आलेल्या मला, 'उद्या' म्हणजे खरोखर दुसरा दिवस असू शकतो हे पाहून हादरा बसला.

असो. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला मोजणी. भाऊ पडले. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली म्हणून १० हजारांचं डिपॉझिट तेवढं वाचलं. दुपारी चारपर्यंत कार्यालयात मी, वही आणि अर्धा डबा चिवडा एवढेच उरलो. उजवा हात डाव्या बाजूच्या पक्षात गेल्याचं संध्याकाळी कळलं.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा असतो. न केल्यास आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. भाऊ म्हणाले, "तीन वर्षांत कुठं विधानसभा आहे?" पण मी सोडणारा नव्हतो. बेरजा जुळवल्या, पांढरं पान पिवळ्याला जुळलं, पिवळं गुलाबीला. एकूण खर्च ४० लाखांच्या निम्म्याच्या जरा वर भरला. मला वाटलं होतं हा आमचा काटकसरीचा विक्रम; चौकशी केली तर आसपासच्या सगळ्याच उमेदवारांचं तेवढ्यातच भागलं होतं. हेलिकॉप्टर, जेसीबी, ढोल-ताशे आणि हजारोंच्या सभा करून इतक्या स्वस्तात निवडणूक लढवणारी ही माणसं राज्याचा अर्थसंकल्प मांडायला का घेत नाहीत, हे मला कळत नाही.

हिशेब सादर झाला आणि मांडववाला माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"काका, खुर्च्यांचे पैसे."

"३०० खुर्च्यांचे चेकने गेलेत. पिवळ्या पानावर आहेत."

"मी ९०० दिल्या होत्या."

"वहीत ३०० आहेत."

"मग माझ्या ६०० खुर्च्यांवर बसलं कोण?"

"लोकांनी त्या घरून आणल्या होत्या," मी म्हणालो. "तुमच्याच मुलीच्या लग्नात मिळालेल्या."

"मला मुलगी नाही, काका. दोन्ही मुलगेच."

तो खूप वेळ बसून राहिला. मी त्याला चहा पाजला. वडापावही आणून दिला; माझ्या खर्चाने, बिनदराचा.

सरकारने निवडणुकीचा खर्च द्यावा की नाही, यावर माझं मत आता पक्कं आहे. द्यावा. पण आधी पक्षांच्या खर्चाला मर्यादा घालावी, मग भाऊंसारख्यांच्या वह्या खऱ्या लिहून घ्याव्यात आणि नंतर खिशात हात घालावा. नाहीतर सरकारी ४० हे खरोखर वरचेच होतील आणि गुलाबी, पिवळ्या पानांत एका हिरव्या पानाची भर पडेल.

तोवर तुम्हा-आम्हाला एक गोष्ट करता येते. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ८८ वा नियम असा आहे, की उमेदवाराने सादर केलेला हिशेब कुणाही नागरिकाला एक रुपया फी भरून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहता येतो. फक्त एक रुपया. वड्याचं सोडा, नुसता पावही येत नाही त्यात. एकदा जा, वही मागा, आणि तुम्ही ज्या सभेला गेला होता तिथे तुम्ही बसलेली खुर्ची त्यात आहे का, तेवढं बघून या.